बारा फोटोंची होमाई

रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत मान खाली घालून पाहिलं की डावीकडची मुलगी उजवीकडे दिसते. ती चालायला लागली की काचेत भलत्याच दिशेला सरकते, आणि नवखा माणूस तिला पकडायला कॅमेरा नेमका उलटा फिरवतो. हात सरावायला दोन-तीन रोल तरी खर्ची पडतात. होमाई व्यारावालांचा हात बसला तो १९३० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, वर्गमैत्रिणींचे फोटो काढता काढता.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून होमाईंवर लिहिलं जातं तेव्हा सुरुवात बहुधा नेहरूंपासून होते. कबुतर सोडणारे नेहरू, 'फोटोग्राफीला सक्त मनाई' अशा पाटीशेजारी विमानतळावर उभे असलेले नेहरू, बहिणीला मिठी मारणारे नेहरू. फोटो थोरच आहेत. पण मास कॉमच्या किंवा फोटोग्राफीच्या वर्गात होमाई शिकवायच्या असतील तर सुरुवात दिल्लीपासून करू नये, जेजेपासून करावी. तिथल्या फोटोंत त्यांचं काम उघडं दिसतं. दिल्लीत समोरचा माणूसच इतका मोठा असतो की फोटो कसा काढलाय याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

त्यांची माहिती थोडक्यात. जन्म ९ डिसेंबर १९१३, नवसारी. पारशी कुटुंब, वडील फिरत्या पारशी-उर्दू नाटक कंपनीत. शिक्षण मुंबईत. मुंबई विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी आणि जेजेची पदविका, अशी दोन्हीकडची शिदोरी. कॅमेरा मात्र कॉलेजने शिकवला नाही. तो शिकवला माणेकशॉ व्यारावाला यांनी. ते टाइम्स ऑफ इंडियात होते, हिशेब सांभाळायचे आणि फोटोही काढायचे. पुढे १९४१ साली दोघांचं लग्न झालं. होमाईंचे छापून आलेले पहिले फोटो एका महिला क्लबाच्या सहलीचे. ते बॉम्बे क्रॉनिकलमध्ये आले आणि फोटोमागे एक रुपया मिळाला.

जेजेच्या फोटोंत सगळ्यात जास्त वेळा दिसते ती रेहाना मोगल, होमाईंची वर्गमैत्रीण. कधी शिल्पाच्या वर्गात, कधी नुसतीच उजेडात उभी. त्या वेळी जेजेतही वारं बदलत होतं. ग्लॅडस्टन सॉलोमन जाऊन चार्ल्स जेरार्ड संचालक झाले होते, आणि युरोपातल्या नव्या चित्रकलेकडे पाहायची मोकळीक थोडी वाढली होती. रेहानाचे फोटो पाहताना हे लक्षात ठेवावं. कॅमेरा किंचित खालून, चेहऱ्याची एक बाजू उजेडात, दुसरी सोडून दिलेली, मागची जागा रिकामी ठेवायची भीती नाही. मुलाकडच्यांना दाखवायला स्टुडिओत काढतात तसला हा फोटो नव्हे.

'किंचित खालून' हे अर्धं त्यांचं आणि अर्धं कॅमेऱ्याचं. रोलीफ्लेक्स पोटाशी किंवा छातीशी धरायचा असतो. भिंग साधारण बरगडीच्या उंचीला येतं, त्यामुळे उभा माणूस आपोआप थोडा उंच आणि ठाम दिसतो. दुसरं म्हणजे फोटो काढणारीची नजर खाली काचेत असते, समोरच्यावर रोखलेली नसते. डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्यापुढे माणूस जसा आक्रसतो तसा या कॅमेऱ्यापुढे आक्रसत नाही. मान खाली घालून उभी असलेली साडीतली बाई फोटो काढते आहे, हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नसे. बाई काय मनावर घेऊन फोटो काढणार, असं लोकांना वाटायचं आणि त्याचा आपल्याला फायदाच झाला, असं होमाईंनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे.

आता उजेडाचा हिशेब, कारण त्याशिवाय हे फोटो कळत नाहीत. त्या काळची बरीचशी फिल्म आजच्या आयएसओच्या (फिल्म उजेड किती चटकन टिपते त्याच्या) मोजणीत १०० च्या खालीच होती. आपण ५० धरू. कडक उन्हात ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, एफ/१६ (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि शटर १/५० सेकंद. व्हरांड्याच्या सावलीत उजेड साधारण तीन स्टॉपने उतरतो (एक स्टॉप उतरला की उजेड निम्मा), म्हणजे १/५० ठेवायचं तर एफ/५.६. वर्गात, खिडकीपासून दोन पावलं आत, आणखी तीन स्टॉप गेले. आता ॲपर्चर एफ/४ केलं तरी शटर १/१० च्या आसपास आणावं लागतं. १/१० ला मान हलली की चेहरा पुसला जातो. शिवाय एफ/४ ला, दीड-दोन मीटरवर, फोकस नाकावर राहिला तर कान मऊ पडतात.

म्हणजे शिल्पाच्या वर्गातला असा फोटो 'सहज टिपलेला' असू शकत नाही. तो उभा केलेला असतो. कुणीतरी सांगितलंय की हात मातीवर ठेव, मान थोडी वळव, आता श्वास रोखून धर. आणि इथे जेजे कामी येतं. समोर मॉडेल बसवून तासन्तास रेखाटन करणाऱ्या मुलींना पोझ म्हणजे काय हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. वजन कोणत्या पायावर आहे, खांद्याची रेघ कुठे जाते, हे त्या रोज कागदावर उतरवतच असतात. होमाईंना मैत्रिणींच्या रूपाने फुकटात आणि समजूतदार मॉडेल मिळाली, आणि मैत्रिणींना असा फोटोग्राफर मिळाला ज्याला रेखाटन येतं. वृत्तछायाचित्रणात हे शिक्षण कशाला, असं विचारणाऱ्याने त्यांचे पुढचे गर्दीचे फोटो बघावेत. गर्दीतही दोन डोक्यांच्या मध्ये हवा सोडलेली असते. ती सवय दिल्लीतल्या धावपळीत लागत नाही.

रोल बारा फोटोंचा. एकशेवीसची फिल्म, सहा बाय सहा सेंटीमीटरची चौकट. या फिल्मला डबी नसते. ती काळ्या पाठकागदासह रिळावर गुंडाळलेली असते, म्हणून भरताना सावली शोधायची आणि रीळ अंगठ्याने दाबून धरायचं. ते सैल सुटलं की कडेने उजेड शिरतो आणि निगेटिव्हच्या काठावर काळे ओघळ येतात. १९३७ नंतरच्या ऑटोमॅट मॉडेलमध्ये आणखी एक फसगत असते. कागदाचं टोक दोन छोट्या रुळांच्या मधून ओवायचं असतं. फिल्म जिथे सुरू होते तिथे जाडी वाढते, ती रुळांना कळते आणि आकडा एकवर येतो. टोक घाईत रुळांच्या वरून नेलं तर यंत्राला फिल्म सुरू झाल्याचं कळतच नाही. हँडल फिरत राहतं, आकडा हलत नाही, आणि सबंध रोल एकही फोटो न निघता पलीकडे जाऊन बसतो. जुन्या कॅमेऱ्यावर हात बसवणाऱ्या मुलांनी पहिल्यांदा वाया गेलेल्या रोलवर ही ओवणी करून बघावी. नव्या फिल्मचा भाव बघता एवढा सराव परवडतो.

मग येतो नावाचा प्रश्न. होमाईंचे सुरुवातीचे फोटो इलस्ट्रेटेड वीकली या साप्ताहिकात छापून आले ते माणेकशॉंच्या नावाने. होमाईंना तेव्हा कुणी ओळखत नव्हतं, त्यातून बाई. विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी किंवा प्रकल्पासाठी हा विषय दिला की दोनपैकी एक चूक ठरलेली. एक तर छापील नाव प्रमाण मानून होमाईंना वगळायचं, नाहीतर व्यारावाला आडनाव दिसलं की सगळं होमाईंच्या खात्यावर टाकायचं. दोन्ही चूक, कारण माणेकशॉही खरोखरच फोटो काढत होते.

कॅमेऱ्यावरून निवाडा करायला जावं तर तोही रस्ता बंद. शिकवणारे ते, शिकणाऱ्या या, त्यामुळे साधनंही बहुतेक सामायिक. चौरस चौकट दिसली म्हणून फोटो होमाईंचा ठरत नाही. त्यात वीकलीचा कलासंपादक चौरस फोटो बिनदिक्कत कापून आडवा किंवा उभा करायचा, म्हणजे छापलेल्या आकारावरून मूळ चौकट कळेलच असंही नाही. मग करायचं काय? साप्ताहिकाच्या पानावरून सुरुवात करायची, पण तिथे थांबायचं नाही. अंकाची तारीख, पान, फोटोखालची ओळ आणि फोटोच्या कडेची नावाची ओळ या चार गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहायच्या. बांधीव खंडात कडेची ओळ बरेचदा शिवणीत गेलेली असते, तेव्हा 'नाव नाही' असं न लिहिता 'कड दिसत नाही' असं लिहायचं. या दोन नोंदींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. नंतर मूळ प्रिंटची पाठ बघायची. शिक्का, पेन्सिलीतली नोंद, कुणाचं हस्ताक्षर. शेवटी निगेटिव्ह. त्याच पट्टीवर आधी-नंतर कोण आहे, कुठली जागा आहे, यावरून जे ठरतं ते छापील नावावरून कधीच ठरत नाही. होमाईंचा संग्रह त्यांनी हयातीतच दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला, म्हणून निदान ही शेवटची पायरी अस्तित्वात तरी आहे.

डालडा १३ या टोपणनावाची गंमत सगळीकडे येते, म्हणून एका ओळीत: जन्म १९१३ चा, माणेकशॉंची भेट वयाच्या तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३.

१९४२ साली ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी दोघं दिल्लीला गेले. पुढची जवळजवळ तीस वर्षं होमाईंच्या हातात रोलीफ्लेक्सबरोबर स्पीड ग्राफिक कॅमेरा आला. तो हातात घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचा अंदाज येत नाही. अडीच-तीन किलोंचा ठोकळा, वर फ्लॅशची नळी आणि थाळी. फिल्म चार बाय पाच इंचांची, सुटी. एका लाकडी होल्डरमध्ये दोन तुकडे, पुढे एक, मागे एक. बारा फोटो हवे तर सहा होल्डर खांद्यावरच्या पिशवीत.

एका फोटोची क्रिया अशी. होल्डर मागे सरकवायचा. भिंगाचं शटर ताणायचं. रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा एक होईपर्यंत अंतर जुळवायचं. ॲपर्चर लावायचं. थाळीत नवा बल्ब बसवायचा. होल्डरची डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरचं झाकण, उपसून बाहेर काढायची. दाबायचं. स्लाइड परत घालायची, पण आता उलटी करून, काळी बाजू बाहेर. पांढरी बाजू म्हणजे कोरी फिल्म, काळी म्हणजे झालेली. होल्डर काढून पलटायचा, पोळणारा बल्ब काढायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. सरावलेल्या हातालाही एका फोटोमागे दहा-पंधरा सेकंद जातात, आणि तेवढ्यात पाहुणा जिना उतरून मोटारीत बसलेला असतो.

चुका होतात त्या याच साखळीत. स्लाइड काढायला विसरलं तर फोटो कोरा. स्लाइड न घालता होल्डर उपसला तर फिल्म जळाली. काळी-पांढरी बाजू उलटसुलट झाली तर एकावर एक दोन फोटो, म्हणजे राजदूताच्या पोटातून बँडवाला. स्पीड ग्राफिकला दोन शटर असतात, एक भिंगात आणि एक फिल्मपुढे पडद्याचं. भिंगाचं शटर वापरायचं तर मागचा पडदा उघडा ठेवायचा असतो. तो मिटलेला राहिला तर बल्ब पेटतो, आवाज येतो, सगळं झाल्यासारखं वाटतं, आणि डेव्हलपरमधून (प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणातून) काचेसारखी स्वच्छ निगेटिव्ह बाहेर येते.

फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटतो. आत धातूची बारीक तार किंवा वर्ख असतो, तो जळून संपतो. पण वीज मिळाल्यावर तो पूर्ण तेजाला यायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागतो. म्हणून शटर तेवढं थांबून उघडावं लागतं. जोडणी चुकीच्या खाचेत असली तर शटर आधी उघडून मिटतं आणि उजेड मागाहून येतो. अंतराचा हिशेब तोंडपाठच हवा. बल्बचा गाइड नंबर (अंतर गुणिले एफचा आकडा) मीटरमध्ये ४८ असेल तर सहा मीटरवर एफ/८, तीन मीटरवर एफ/१६. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी, त्यामुळे टेबलाच्या अलीकडचा पाहुणा पांढराफटक आणि पलीकडचा काळोखात. यावर कॅमेऱ्यात उपाय नाही. फोटोग्राफरनेच बाजूला सरकून अशी जागा धरायची की महत्त्वाची माणसं त्याच्यापासून सारख्या अंतरावर येतील. होमाईंचे मेजवान्यांचे फोटो बघताना त्या कुठे उभ्या असतील याचा अंदाज बांधून बघा. जागा धरणं हीच त्यांची निम्मी कला होती, आणि धक्काबुक्कीत पुरुषांशी टक्कर देण्यापेक्षा ती जास्त कामाची होती.

त्यात दिल्लीचा उन्हाळा. डेव्हलपर २० अंशाला वापरायचा असतो, आणि मे महिन्यात नळाचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. गरम द्रावणात फिल्म लवकर काळी होते, फिल्मवरचं जिलेटिन फुगून कडेने सुटायला लागतं. डेव्हलपर बर्फाने थंड केला आणि हायपो (प्रतिमा पक्की करणारं द्रावण) किंवा धुण्याचं पाणी गरमच राहिलं तर जिलेटिनला जाळीसारख्या सुरकुत्या पडतात, त्या काही केल्या जात नाहीत. म्हणून सगळे ट्रे एकाच मोठ्या थंड पाण्याच्या परातीत ठेवायचे, बर्फ परातीत टाकायचा, द्रावणात नाही.

वर्गासाठी यातून एक स्वाध्याय निघतो आणि तो मोबाइलवरही चालतो. विषय: आपलं कॉलेज. फोटो बारा, एका दुपारी, खोडायचे नाहीत, फ्लॅश नाही. बारांपैकी निदान चारांत काम करणारी माणसं हवीत: प्रयोगशाळेतली, ग्रंथालयातली, कँटीनची, मैदानावरची. दोन फोटो इमारतीच्या आतल्या उजेडात, खिडकीजवळ, आणि त्यांत समोरच्याला विचारून, उभं करून. मोबाइल छातीशी धरायचा, चेहऱ्यासमोर नाही. प्रत्येक फोटोखाली ओळ त्याच दिवशी लिहायची: कोण, काय करतंय, कुठे, तारीख, कुणी काढला. नावाचं स्पेलिंग त्या माणसाकडूनच लिहून घ्यायचं.

बिघडतं ते ठरावीक पद्धतीने. पहिल्या दहा मिनिटांत आठ फोटो संपतात, त्यातले पाच इमारतीचे. माणसं पाठमोरी येतात, कारण विचारायची लाज वाटते. आणि फोटोओळीत 'विद्यार्थी अभ्यास करताना' असं लिहिलेलं असतं. ही ओळ सरळ परत करावी. रेहाना मोगलच्या फोटोखाली नुसतं 'एक विद्यार्थिनी' असं राहिलं असतं तर आज आपल्याला तिचं नाव कुठून कळलं असतं? वर्गातल्या गटात एकाने दुसऱ्याचा फोटो आपल्या नावावर दिला तर तेही तिथल्या तिथे बोलून घ्यावं, वीकलीच्या गोष्टीसकट.

होमाईंना नंतरच्या पिढीसमोर आणलं तेही एका विद्यापीठाच्याच माणसाने. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात मास कम्युनिकेशन शिकवणाऱ्या सबीना गडिहोक यांनी १९९८ च्या आपल्या माहितीपटात त्यांना घेतलं आणि २००६ साली त्यांच्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं. २०१० मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने मोठं प्रदर्शन भरवलं, २०११ मध्ये पद्मविभूषण आलं, आणि १५ जानेवारी २०१२ रोजी बडोद्यात त्या गेल्या. सन्मान आले तेव्हा वयाची पंचाण्णव वर्षं उलटून गेली होती.

मधली वर्षं मात्र शांत. १९६९ मध्ये माणेकशॉ गेले, १९७० मध्ये होमाईंनी काम थांबवलं. फोटोग्राफरांची नवी रीतभात त्यांना पटेनाशी झाली होती. मुलगा पिलानीच्या बिट्स या अभियांत्रिकी संस्थेत शिकवत होता, त्याच्याकडे त्या राहायला गेल्या आणि १९८२ साली बडोद्याला येईपर्यंत तिथेच होत्या. जेजेचं आवार बारा बारा फोटोंनी भरून काढणारी बाई पिलानीच्या कॅम्पसवर कितीतरी वर्षं बिनकॅमेऱ्याची राहिली. फुलांची इकेबाना रचना आणि बाग यांत त्या रमल्या.